दोन डावे पंख

मामांना विमान उडताना बघायचं होतं, आणि डोळे आहेत तोवर बघायचं होतं. एवढीच गोष्ट होती, आणि ती माझ्यावर सोपवलेली होती. पुढे जे झालं ते मी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. मला फार बोलायची सवय नाही, असं कारण मी स्वतःला देत आलो. ते खरं कारण नव्हतं.

मामा म्हणजे माझे सासरे. सातपूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बायको रोज डबा घेऊन जाते. रविवारी आम्ही दोघं जातो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी मुंबईहून बाल्साच्या विमानाचं किट आणलं होतं. बाल्सा हे इतकं हलकं आणि मऊ लाकूड, की नुसतं नख दाबलं तरी खळगा पडतो. खोक्यात पातळ फळ्या, काड्या आणि घडी घातलेला मोठा प्लॅन, म्हणजे विमानाचं खऱ्या मापाचं चित्र. इंजिन वेगळं मिळवायचं होतं, डिझेलवर चालणारं, अंगठ्याएवढं. ते काही मिळालं नाही. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि खोकं माळ्यावर गेलं. दर दिवाळीच्या साफसफाईत ते खाली यायचं, पुसलं जायचं आणि पुन्हा वर जायचं. माझं लग्न झाल्यापासून ते पुसायचं काम माझ्याकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी मामांना काचबिंदू निघाला. बऱ्याच उशिरा निघाला. त्यात कडेनं अंधार येत जातो. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी अरुंद होत जाते. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जमेल तितकं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा घरी आले, त्यांनी स्वतः स्टुलावर चढून खोकं काढलं आणि कामाला बसले. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला तीन टाके. ब्लेड दिसत होतं, बाजूचा अंगठा दिसला नव्हता.

मग मला बोलावणं आलं.

"जावईबापू, तुम्ही ड्रॉइंगवाले. तुमच्याच्यानं होईल."

"मामा, मी कधी लाकडाला हात लावलेला नाही."

"लाकडाचं मी सांगेन. तुम्ही मापात राहा. आणि आता इंजिन नको. आता बॅटरीवर उडतात म्हणे, हातात रिमोट असतो. मी मोबाईलवर ऐकलंय."

"बघू, करू सावकाश."

"सावकाश करा," ते म्हणाले. "फार सावकाश नको."

बायको ओट्याशी उभी होती. ती वळली नाही, पण तिचा हात थांबला. त्या दिवशी आम्हा तिघांनाही काय ठरलं ते नीट कळलं होतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. येणारा प्रत्येक भाग ड्रॉइंगशी ताडून बघायचा, बसला तर घ्यायचा, नाही तर लाल रंग लावून बाजूला टाकायचा. सव्वीस वर्षं हेच केलं. सासरी माझं नाव 'मापवाले जावई' असंच आहे. त्यातला थोडा टोमणा मला कळतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मामांनी स्वतः केलेल्या कपाटाचं दार एका कोपऱ्यात तीन मिलिमीटरनं तिरपं आहे, असं मी भर पाहुण्यांत सांगितलं होतं. मामांनी पट्टी आणून मोजलं. तीनच निघालं. "बरोबर आहे जावयांचं," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात दार बदललं. त्या घरात मी चुकतो हे कुणी कधी बघितलेलं नाही. चुकलो असतो तरी कुणी बोललं नसतं, जावई म्हणून. या दोन गोष्टींनी मिळून माझं काय केलं, ते आता कळतं.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. विमानाचं धड मी त्यांच्या घरीच, त्यांच्या समोर बसून केलं. किट मुळात मोकळ्या उड्डाणाचं, म्हणजे इंजिनाचं इंधन संपेपर्यंत उडणार आणि मग जिथे असेल तिथे उतरणार. त्यावर ताबा कुणाचाच नाही. त्याला रिमोटवर आणायचं तर बरंच बदलावं लागतं. नाकात इंजिनासाठी दोन जाड पट्ट्या होत्या, त्या काढून प्लायचा चौकोन बसवला आणि त्यावर मोटर. पोटात बॅटरीसाठी जागा, खालून झाकण. शेपटीचे भाग पक्के चिकटवायचे होते, ते कापून बिजागरीवर हलते केले आणि ते ओढायला दोन इवल्या सर्व्हो मोटरी बसवल्या. मोटरभोवतीचं गोल नाक मामांनी केलं, डोळे मिटून, पॉलिश पेपरनं घासत आणि बोटानं चाचपत. मी कॅलिपर लावून बघितलं. चारी बाजूंना सारखं.

पंख मात्र मी आमच्या घरी करायला नेले. त्यांच्याकडे एवढं लांब टेबल नव्हतं.

प्लॅनवर फक्त डावा पंख काढलेला होता. उजवा करताना कागद उलटा करायचा, म्हणजे उलट बाजूचं चित्र मिळतं. पण जाड कागदातून रेषा दिसत नाहीत. त्यावरचा उपाय मामांनीच सांगितला.

"डावा झाला की कागदाला तेल चोळा. मागून आरपार दिसतं. खोबरेल नको, थंडीत गोठतं. गोडंतेल घ्या."

डावा पंख उत्तम झाला. या पंखात आडव्या अकरा फासळ्या होत्या, धडाकडे मोठ्या आणि टोकाकडे लहान होत गेलेल्या. त्यांवर पेन्सिलीनं आकडे घालून, प्लॅनच्या रेषांवर एकेक टाचणीनं उभ्या करून गमनं चिकटवायच्या. मामांनी तो हातात घेतला, बोटं टोकापर्यंत नेली आणि म्हणाले, "आमच्या शॉपमध्ये चालले असता तुम्ही." मला तेव्हा झालेला आनंद मी कुणाला दाखवला नाही, पण त्या रात्री जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, आज काय मिळालंय तुम्हाला.

पुढच्या शनिवारी मी कागदाला तेल चोळलं. कागद काचेसारखा झाला, दोन्ही बाजूंनी रेषा सारख्याच स्पष्ट. टेबलाला तेल लागेल म्हणून तो बाजूला वर्तमानपत्रावर ठेवला, टेबलावर प्लास्टिक पसरलं, आणि कागद उचलून परत मांडला. मांडताना माझ्या हातानं तेच केलं जे तो सव्वीस वर्षं करत आला. अक्षरं सुलटी वाचता येतील असा ठेवला. उलटी अक्षरं समोर आली की मला ड्रॉइंग चुकीचं ठेवल्यासारखं वाटतं. ती सुलटी दिसली आणि मला बरं वाटलं. मग मी चार शनिवार-रविवार खपून, अतिशय काटेकोर, मिलिमीटरचाही फरक नसलेला, दुसरा डावा पंख केला.

आषाढातली गोष्ट. बाहेर पाऊस लागलेला, बायको मामांकडे गेलेली. दोन्ही पंख जोडून बघावेत म्हणून टेबलावर समोरासमोर ठेवले. एक बसेना. पुढची कड पुढे धरली तर पंख उताणा होत होता, सरळ ठेवला तर पुढची कड मागे जात होती. मी तो बराच वेळ फिरवत राहिलो. काय झालंय ते पहिल्या क्षणीच कळलं होतं, तरी फिरवत राहिलो.

किटमधलं लाकूड संपलेलं होतं. आमच्या धंद्यात चुकीचा झालेला भाग म्हणजे भंगार, त्याला दुसरा विचार नाही. मी तो पंख जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर सरकवला. बायको आली तेव्हा टेबल पुसून झालं होतं.

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. "झाला का उजवा?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी म्हणालो, "पंखाचं चालू आहे मामा. पण रिमोटचा सेट अडकलाय. तो आल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

रिमोटचा सेट माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता.

एका खोट्याला किती देखभाल लागते, हे मला माहीत नव्हतं. सेट आधी मुंबईत अडकला, मग कस्टममध्ये. दर रविवारी मामा विचारायचे आणि मी एक नवीन टप्पा सांगायचो. ते कधी चिडले नाहीत. "कस्टमवाल्यांना कळवा," एकदा हसत म्हणाले, "म्हणावं म्हातारा आंधळा होतोय, जरा हात उचला." बायको म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय." मी चहाच्या कपात बघत बसलो.

दरम्यान मी लाकूड मागवत होतो. पहिली फळी आली ती जाड निघाली. दुसऱ्या खेपेला जाडी बरोबर, पण लाकूड इतकं कडक की पंख दीडपट जड झाला असता. तिसरं ठीक होतं, तर त्यातून कापलेल्या फासळ्या पावसाळी हवेनं वाकल्या. हे सगळं मी शनिवारी दुपारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये करत होतो, जुन्या फायलींच्या टेबलावर. घरी सांगत होतो, ऑडिट आहे. मामा कधीमधी पंख मागायचे, "हात लावू द्या." मी पहिला डावा घेऊन जायचो. ते पुन्हा त्याच फासळ्यांवरून बोट फिरवायचे. "आणि उजवा?" "गम वाळतोय मामा." एकदा म्हणाले, "फार वाळवताय." मी पंख घाईनं परत घेतला. पण ते नुसते बोलले होते.

दर काही महिन्यांनी त्यांची डोळ्यांची तपासणी होते. माणसाला कुठपर्यंत दिसतं त्याचा एक छापील नकाशा मिळतो. दिसतं ते पांढरं, दिसत नाही ते काळं. बायको ते कागद फाइलला लावते. पितृपक्षात एकदा ती बाहेर गेली असताना मी आषाढातला आणि नवा, दोन्ही कागद काढून खिडकीच्या उजेडावर एकावर एक धरले. ऑफिसात दोन ड्रॉइंग ताडतो तसे. पांढरा ठिपका सगळ्या बाजूंनी आत आला होता. मी ते परत लावले, क्लिप पहिल्यासारखीच बसवली आणि हात धुतले. का धुतले ते सांगता येणार नाही.

घरात ते दिसत होतंच. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला तर मामा तो शोधायचे. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. दिवाळीत माळ्यावरून काही काढायचं नव्हतं, खोकं रिकामं होतं. ते म्हणाले, "यंदा पुसायचं काम वाचलं."

उजवा पंख कार्तिकात झाला. मग सेट कस्टममधून सुटला. मामांनी बायकोला पेढे आणायला लावले. मी त्यातला एक खाल्ला.

मला उडवायला येत नव्हतं, त्यासाठी एक तयार फोमचं विमान घेऊन मी पहाटे मैदानावर शिकलो. ते तीनदा पडलं. बाल्साचं पडलं असतं तर काडी काडी झालं असतं, म्हणून मला मनातून खात्री होईपर्यंत आणखी काही आठवडे गेले. सांगाड्यावर पिवळा पातळ कागद चढवला, बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधला. हे सगळं खरोखर गरजेचं होतं. पण आता खरोखर लागणाऱ्या वेळेवरही माझा विश्वास बसेना.

पौषातल्या एका रविवारी सकाळी आम्ही मखमलाबादला मामांच्या धाकट्या भावाच्या मळ्यात गेलो. झेंडू काढून वावर मोकळं पडलं होतं. बायको घरच्या कामात अडकली होती, ती आली नाही. काका बांधावर वाट बघत होते. त्यांनी विमान चहूबाजूंनी न्याहाळलं.

"जावई, ह्यानं फवारणी व्हईल का?"

"नाही हो काका."

"मंग कशाला यवढं? नुसतं उडतंय?"

"नुसतंच उडतं," मामा म्हणाले. "तुझा झेंडू काय करतो? नुसता फुलतो."

"झेंडूला गिऱ्हाइक हाय. ह्याला कोन हाय?"

"मी आहे."

काकांनीच ते हातातून सोडायचं ठरलं. मी त्यांना तीनदा सांगितलं, वर नका फेकू, सरळ ढकला. "लय शिकवताय," ते म्हणाले. वारा नव्हता. मी मोटर चालू केली, ते चार पावलं पळाले आणि अगदी सरळ ढकललं. विमान थोडं खाली आलं, मग सावरलं आणि वर चढायला लागलं.  ते वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं आणि विहिरीच्या बाजूला एक मोठा फेरा घेतला. चांगलं उडत होतं. खरंच चांगलं उडत होतं.

मामा माझ्या बाजूला उभे होते. वर बघत होते, पण भलतीकडेच.

"कुठंय?"

"डावीकडे मामा. विहिरीच्या वर."

त्यांनी मान वळवली. तोवर ते पुढे गेलं होतं. "आता?" "आता समोर. शेवग्याच्या वर." मान पुन्हा वळली. ती नळीएवढी जागा आभाळातून फिरत होती आणि विमान दर वेळी तिच्या बाहेर. इंजिन असतं तर आवाजावरून तरी कळलं असतं. ही मोटर थोड्या अंतरावर गेली की ऐकूच येत नाही.

"असं नको," ते म्हणाले. "मी हलत नाही. ती पाण्याची टाकी दिसते मला. तिच्या वर बघत राहतो. तुम्ही तिथून न्या."

बॅटरी सहा मिनिटांची होती, त्यातली तीन गेली होती. मी विमान लांब नेलं, वळवलं आणि टाकीच्या वरून आणलं. "गेलं का?" "आत्ताच गेलं." "बरं. परत." दुसऱ्यांदा ते जरा उंचावरून गेलं. "आता?" "गेलं मामा." काका म्हणाले, "अरे दादा, ते काय, पिवळं." मामांनी नजर टाकीवरून हलवली नाही. तिसऱ्यांदा मी ते इतकं खाली आणलं की टाकीच्या शिडीला लागेल असं वाटलं. उजवीकडून डावीकडे, सावकाश, जेवढं सावकाश उडू शकतं तेवढं.

"दिसलं," मामा म्हणाले.

मी ते उतरवलं. काका उचलायला वावरात गेले. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हात वळणावर जातो तशी जीभही जाते. मी विचारलं, "कसं गेलं मामा?"

"छान गेलं."

"म्हणजे कुठून?"

त्यांनी हातानं दाखवलं. डावीकडून उजवीकडे.

"ते उजवीकडून आलं होतं," मी म्हणालो.

"असेल." ते म्हणाले, "तुम्ही वर्षभर एवढे राबलात. म्हटलं, तुम्हाला वाईट नको वाटायला."

त्यानंतर गप्प बसणं मला जमलं नाही.

"मामा, रिमोट कस्टममध्ये नव्हता. माझ्या ड्रॉवरमध्ये होता. आषाढापासून."

ते टाकीकडेच बघत होते. मी पुढचं सगळं सांगितलं, जसं झालं तसं. मधे त्यांनी एकदाच विचारलं.

"कागद उलटा नाही केलात?"

"तेल लावलं. पण मांडताना अक्षरं सुलटी ठेवली."

"पहिल्या वर्षाची पोरं करतात ते. डाव्या हाताचा नमुना दोनदा." मग म्हणाले, "चिकटवला कशानं होता?"

"पांढऱ्या गमनं. तुम्हीच दिलेल्या."

"मग तो सुटतो की. गरम पाण्याचं फडकं लावायचं. फासळ्या अख्ख्या निघतात. त्याच उलट्या क्रमानं लावायच्या. काड्या त्याच. दोन दिवसांचं काम होतं."

काका वावरात विमानाशी पोहोचले होते.

"आषाढात मला तारेवरचे पोपट दिसत होते," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न वळता, "तू विचारायचंस रे मला."

लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्यांनी मला अरेतुरे केलेलं ते पहिल्यांदा. काका विमान घेऊन आले तेव्हा ते पुन्हा अहोजाहोवर गेले होते. "चला जावई, ऊन लागतंय," म्हणाले.  घरी बायकोनं विचारलं, दिसलं का बाबा? ते म्हणाले, चांगलं उडालं. तिनं ते हो असंच ऐकलं. मीही तसंच ऐकू दिलं.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. तो दुसरा डावा टाकलात का? नाही म्हटल्यावर म्हणाले, घेऊन या, तीनच्या सुमारास.

मी पोहोचलो तेव्हा जमिनीवर चटई, परातीत गरम पाणी आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या. मी खाली बसायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही खुर्चीवर. तुम्ही फक्त घड्याळ बघा."

त्यांनी पंख मांडीवर घेतला. पहिल्या फासळीचा सांधा बोटानं शोधला, त्यावर ओली पट्टी गुंडाळली आणि थांबले. मग दुसऱ्या सांध्यावर, मग तिसऱ्यावर. पहिल्याची पट्टी काढून बोथट सुरीचं पातं आत सरकवलं आणि फासळी सुटली. आवाजही झाला नाही. ती त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवली. एकेक निघत गेली. ते घाई करत नव्हते आणि रेंगाळतही नव्हते. मधे पाणी गार झालं, मी उठलो. "बसा," म्हणाले, आणि स्वतः भिंतीला हात लावत जाऊन नवं आणलं. एक फासळी मोडली. "गेली एक," एवढंच म्हणाले. शेवटी लांब काड्या मोकळ्या करून भिंतीशी उभ्या केल्या, आणि फासळ्या बोटांनी मोजत, लहानीपासून मोठीपर्यंत ओळीनं लावल्या.

"किती वाजले?"

"पावणेसहा."

तीन तासही लागले नव्हते. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

तेवढ्यात बायको आली. दारातच थांबली. "अगंबाई, चांगला पंख मोडलात बाबा?"

"मोडला नाही. सोडवला."

"कशाला पण?"

"जावयांना विचार."

त्यांनी तोंड फिरवलं नाही, मदतही केली नाही. हातातलं फडकं पिळून परातीच्या कडेला घातलं आणि थांबून राहिले. मी उठून उभा राहिलो आणि तिला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. ती डब्याची पिशवी हातात धरूनच ऐकत होती. ऑडिटचं ऐकताना तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फासळ्यांकडे.

"म्हणजे दिवाळीच्या आधी उडालं असतं."

"गणपतीच्या आधी," मी म्हणालो.

"गणपतीत बाबांनी आरतीचं तबक स्वतः फिरवलं होतं," ती म्हणाली. मला उद्देशून नाही. मग पिशवी ओट्यावर ठेवली, परात उचलली आणि पाणी ओतायला मोरीत गेली. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला.

मी उभाच होतो. मामांनी फासळ्यांचं वर्तमानपत्र चटईवरून माझ्याकडे सरकवलं.

"बसा खाली. कितवी मोडली ते बघा, तेवढीच नवी कापायची. पेन्सिलीचा आकडा आता दिसत नाही मला."

मी वाकून बघितलं. "सातवी."

"लिहून ठेवा," ते म्हणाले.